श्रावणाची कावड आणि खेड्यांतील वृद्ध

श्रावणबाळाची गोष्ट आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. आईबाप आंधळे, वयानें थकलेले. त्यांना तीर्थयात्रा घडावी म्हणून ह्या मुलानें कावड केली, एका पारड्यांत आईला व दुसऱ्यांत बापाला बसविलें, आणि ती कावड खांद्यावर घेऊन तो चालूं लागला. पुढें दशरथाच्या बाणानें त्याचा अंत झाला. तो भाग फार करुण आहे आणि त्यामुळें तोच आपल्या अधिक लक्षांत राहतो. परंतु आज मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे तें कथेच्या पहिल्या भागाकडे. श्रावणानें आईबापांना किती द्रव्य दिलें ह्याविषयीं कथा कांहींच बोलत नाहीं. त्यानें त्यांना नेलें, येवढेंच ती सांगते. पुत्रधर्माचा आदर्श म्हणून आपल्या समाजानें जो मुलगा निवडला, तो आईबापांचें वाहन झालेला मुलगा आहे.

महाराष्ट्र शासनाच्या एका निवृत्तिवेतन योजनेला ह्याच श्रावणबाळाचें नांव दिलेलें आहे. ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांस तिच्यांतून मिळणारी रक्कम २०२३ सालीं दरमहा १५०० रुपये करण्यांत आली. ही रक्कम ज्या घरांत जाते तेथें तिचें मोल किती आहे हें मी जाणतों, आणि तिला नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. तथापि श्रावणाच्या नांवानें आपण वृद्धांना पैसा देऊं लागलों आणि कावड मात्र देण्याचें राहून गेलें, असें मला वाटतें. खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांनीं घरून निघून इच्छित स्थळीं जावें कसें व परत यावें कसें, हा आजचा माझा विषय आहे.

प्रथम घरचीच एक हकीकत सांगतों. माझी एक चुलत आत्या सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका वाडींत राहते. वाडी चाळीसएक उंबऱ्यांची. एस. टी. थांबते तो फाटा तेथून तीन किलोमीटर, आणि मध्यें एक लहानशी खिंड. आत्याचें वय ७८, त्यामुळें एस. टी. चा प्रवास तिला मोफत आहे. चार वर्षांपूर्वीं तिच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचें निघालें. तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांनीं डोळ्यांत घालावयाचे थेंब दिले आणि दर तीन महिन्यांनीं डोळ्यांतील दाब तपासून घेण्यास सांगितलें. पहिल्या दोन खेपांस पुतण्यानें तिला मोटार-सायकलवर मागें बसवून फाट्यापर्यंत नेलें. दुसऱ्या खेपेस खिंडीच्या चढावर ती घसरून पडली. हाड मोडलें नाहीं, पण मन मोडलें; पुन्हां त्या वाहनावर बसण्यास ती धजली नाहीं. पुढें पुतण्या कारखान्यांत नोकरी लागून शहरांत गेला. एक तारीख चुकली, मग दुसरी चुकली. थेंबांची बाटली संपली ती पुन्हां आली नाहीं. बहुधा काचबिंदू दुखत नाहीं, हाच त्याचा दगा आहे. दुखत नाहीं म्हणून माणूस घाई करीत नाहीं, आणि गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. दीड वर्षानें मी तिला गाडी करून तपासण्यास नेलें, तेव्हां डाव्या डोळ्याची दृष्टि गेलेली होती. औषध होतें, डॉक्टर होते, रुग्णालय होतें, मोफत प्रवासाचा हक्कही होता. मधले तीन किलोमीटर तेवढे कोणाचेच नव्हते.

ती चूक कोणाची, असें मी स्वतःला पुष्कळदां विचारतों. आमच्या कुटुंबाची तर आहेच. दर महिन्यास मी तिला पैसे पाठवीत होतों; "पैसे पोहोंचले काय?" असें फोनवर विचारीतही होतों. ती दवाखान्यांत जाते कशी, हें विचारण्याचें मला सुचलें नाहीं.

श्रोते हो, पूर्वीं हा प्रश्न अगदींच नव्हता असें नाहीं; परंतु त्याचें उत्तर घरांतच असे. म्हातारें माणूस जावयाचें म्हटलें कीं बैलगाडी जुंपली जाई. तींत पेंढा पसरून वर वाकळ घातली जाई. आजार मोठा असला तर डोली होई, आणि घरचे व शेजारचे चार तरणे ती खांद्यावर घेत. वेळ फार लागे, हाल होत, कित्येक जण वाटेंतच दगावत. त्या काळाचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तथापि वाहन दारांत येई आणि ओळखीचे हात माणसाला उचलून त्यांत ठेवीत, ह्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत.

नंतर मोटार आली. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. निघाली, आणि पुढें "गांव तेथें एस. टी." हें ब्रीद धरून ह्या गाडीनें महाराष्ट्राचा कानाकोपरा जोडला. खेड्यांतील मुलें शिकलीं, भाजी बाजारांत गेली, माहेरवाशिणी माहेरीं आल्या, ह्यांत तिचा वांटा फार मोठा आहे. परंतु गाडी येते ती सडकेनें, आणि माणूस राहतो वाडीवर, वस्तीवर, पाड्यावर. सडकेपासून वस्तीपर्यंतची वाट पूर्वीं बैलगाडी सांभाळीत असे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, जुंपणारीं मुलें शहरांत गेलीं, आणि बैलगाडीची जागा मोटार-सायकलनें घेतली. आज खेड्यांत घरोघर आढळणारें वाहन म्हणजे मोटार-सायकल. पण तिच्यावर पाय टाकून बसण्यास गुडघे वाकावे लागतात, तोल सांभाळावा लागतो, खड्ड्यांत घट्ट धरून राहावें लागतें. गांवाची चाल वाढली ती अशा वाहनानें, कीं ज्यावर गांवांतील सर्वांत दुबळें माणूस बसूंच शकत नाहीं.

दुसरा उपाय वडापचा, म्हणजे भरून चालणाऱ्या जीपचा. ही जीप भरल्यावांचून हलत नाहीं, आणि भरते ती अशी कीं, दोन माणसांच्या जागेवर चार माणसें बसतात. म्हाताऱ्याला त्यांत शिरण्यासच वेळ लागतो, म्हणून चालक त्याला पाहून न पाहिल्यासारखें करतो. तिसरा उपाय "स्पेशल" रिक्षा किंवा जीप करण्याचा. तिला एका खेपेस जें भाडें पडतें, तें १५०० रुपयांच्या निवृत्तिवेतनांतून किती वेळां देतां येईल, ह्याचा हिशेब सांगावयास नको.

२६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रांत ७५ वर्षांवरील वृद्धांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांना अर्धें भाडें आहे. आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली. ह्या सवलतींनीं पुष्कळ वृद्धांना घराबाहेर काढलें. बसगाडींत आज जितके पिकलेले केंस दिसतात तितके पूर्वीं दिसत नसत, असें वाहकही सांगतात. सवलतीचें हें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु भाडें माफ झालें तरी अंतर माफ होत नाहीं. जो फाट्यापर्यंत चालूं शकतो त्यालाच ही सवलत घेतां येते. जो चालूं शकत नाहीं त्याला तिचा उपयोग नाहीं, आणि गरज तर त्यालाच अधिक.

फाट्यावर पोहोंचल्यानंतरचाही दिवस कसा जातो तें पाहावें. गाडीची पायरी उंच. वर ओढून घेणारें कोणी हवें. सकाळच्या गाडीनें गेलें कीं रुग्णालयांतील काम बाराएक वाजेपर्यंत आटोपतें; गांवाकडे परत येणारी गाडी पुष्कळ ठिकाणीं थेट संध्याकाळीं. मधले चार-पांच तास स्थानकाच्या बांकावर काढावयाचे. स्वच्छतागृहाची सोय नीट नसते, म्हणून कित्येक वृद्ध स्त्रिया त्या दिवशीं सकाळपासून पाणीच पीत नाहींत. उन्हाळ्यांत ह्याचा परिणाम काय होतो हें डॉक्टरांस विचारावें. इतकें सोसून फाट्यावर उतरावें तों अंधार पडलेला, आणि पुढें ती खिंड. असा एक दिवस काढलेलें माणूस पुढच्या तारखेस "आतां बरें वाटतें आहे, कशाला जावयाचें?" असें म्हणूं लागलें, तर त्याला हट्टी म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

हीं माणसें थोडीं नाहींत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें भारतांत ६० वर्षांवरील सुमारें १०.४ कोटी माणसें होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें ७.३ कोटी खेड्यांत राहत होतीं. महाराष्ट्राच्या लोकसंख्येंत त्यांचें प्रमाण ९.९ टक्के होतें, म्हणजे दर दहा माणसांत जवळजवळ एक. ह्या आंकड्यांनंतर बरींच वर्षें लोटलीं आहेत, आणि तरुण माणसें गांव सोडून जाण्याचें थांबलेलें नाहीं.

मग करावें काय? इतर ठिकाणीं लोकांनीं काय केलें तें प्रथम थोडक्यांत पाहूं. हॉलंडांत जेथें मोठी बसगाडी चालविणें परवडेना, तेथें १९७७ सालापासून "शेजार-बस" सुरू झाली. आठ उतारूंची लहान गाडी. ती चालवितात गांवांतीलच स्वयंसेवक, कांहीं मोबदला न घेतां. त्याच धर्तीवर पश्चिम जर्मनींत १९८५ सालीं हेक व लेगडेन ह्या दोन गांवांच्या दरम्यान "नागरिक-बस" निघाली, आणि पुढें तशा पुष्कळ निघाल्या. गाडी आठ उतारूंचीच कां? तर तिला मोठ्या बसचा परवाना असलेला चालक लागत नाहीं. साधा परवाना असलेला निवृत्त शिक्षक किंवा शेतकरीही ती चालवूं शकतो. हे चालक उतारूंना नांवानें ओळखतात, पिशवी उचलून देतात, आणि एखादी आजी नेहमींच्या दिवशीं दिसली नाहीं तर तिची चौकशी करतात.

अमेरिकेच्या मेन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं १९९५ सालीं सुरू झालेल्या एका संस्थेची रीत आणखी निराळी. तेथें आपली जुनी मोटार संस्थेला देणाऱ्या वृद्धाच्या खात्यावर तिचें मोल जमा होतें, आणि त्यांतून त्याच्या पुढील फेऱ्यांचें भाडें भागतें. जे स्वयंसेवक गाडी चालवितात त्यांच्याही खात्यावर फेऱ्या जमा होतात. त्या त्यांना स्वतःच्या म्हातारपणीं वापरतां येतात, किंवा आपल्या आईबापांना देतां येतात. आज नेलेला मनुष्य उद्यां आपण असूं, हा विचार तेथें जमाखर्चाच्या वहींत उतरला आहे.

परंतु इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. केरळांत जुलै १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, जुलै २०२२ मध्यें तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांतील कोल्लयिल ह्या ग्रामपंचायतींत "ग्रामवंडी" नांवाची गाडी सुरू झाली. गाडी व नोकरवर्ग राज्याच्या परिवहन महामंडळाचा, इंधनाचा खर्च पंचायतीचा, असा हा करार आहे. गाडी सर्वांसाठींच आहे, केवळ वृद्धांसाठीं नाहीं. परंतु ज्या वाटेवर गाडी तोट्यांत जाते म्हणून महामंडळ ती सोडून देतें, त्या वाटेचा कांहीं भार गांवानें उचलला तर गाडी चालते, हें त्यांतून शिकण्यासारखें आहे.

आणि आपल्याच घरचें उदाहरण पाहा. जून २०११ पासून देशभर चालूं असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांत गर्भवती स्त्रीला घरून रुग्णालयांत नेण्याची, आणि विशेष म्हणजे बाळंतपणानंतर तिला व बाळाला घरीं परत पोहोंचविण्याची मोफत सोय आहे. महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमांत १२५ तालुक्यांतील मुलींना शाळेंत नेण्याआणण्यासाठीं निराळ्या बसगाड्या दिलेल्या आहेत. म्हणजे अशक्त माणसाला घरापासून नेणें व घरापर्यंत आणून सोडणें हें सरकारचें काम आहे, शाळेसाठीं वाहन देणें हें शाळा देण्याइतकेंच अगत्याचें आहे, हीं तत्त्वें आपण मान्य केलेलींच आहेत. आयुष्याच्या आरंभीं मान्य केलेलें तत्त्व आयुष्याच्या शेवटीं लागू करावयाचें, येवढेंच उरलें आहे.

माझ्या मतें आरंभ लहान असावा. शेजारच्या तीनचार ग्रामपंचायतींनीं मिळून एक लहान गाडी ठरवावी. ती विकत घेण्याचें कारण नाहीं. तालुक्यांत अशा गाड्या उभ्याच असतात. मात्र उतारू वाहून नेण्याचा परवाना व विमा असलेल्या गाडीशींच करार करावा. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडींतून भाडें घेऊन माणसें नेतां येत नाहींत, आणि अपघात झाला तर भरपाईच्या वेळीं सगळ्यांचीच अडचण होते. गाडीनें आठवड्यांतून दोन ठराविक दिवस वस्त्यांवर फिरावें. त्यांपैकीं एक दिवस तालुक्याच्या आठवड्याच्या बाजाराचा असावा. म्हणजे ज्याला दवाखाना आहे तो दवाखान्यांत जाईल, ज्याला बँक आहे तो बँकेंत, आणि ज्याला नुसता बाजार करावयाचा आहे तोही येईल. नांव नोंदविण्यासाठीं मोबाइलवरील नवी युक्ति नको. वाडींतल्या किराणा दुकानांत किंवा बचत गटाकडे एक वही ठेवावी आणि साधा फोन उचलणारें कोणी असावें. गाडींत चढण्यास एक जास्तीची बुटकी पायरी असावी. गाडीबरोबर एक मदतनीस असावा, त्यानें हात धरून चढवावें, रुग्णालयांत चिठ्ठी काढून द्यावी. आणि गाडीनें थांबावें. काम झालें कीं सर्वांना घेऊन उजेड असतांना परतावें.

खर्चाचा विचार सोडून बोलणें हें पोकळ बोलणें होईल. म्हणून एक अंदाज मांडतों. समजा, फेरी चाळीस किलोमीटरांची आहे आणि दर किलोमीटरला १५ रुपये पडतात; हे ६०० झाले. चालकाच्या खोळंब्याचे व मदतनीसाचे मिळून ४०० धरूं. एकूण १००० रुपये. सात वृद्धांनीं प्रत्येकीं ४० रुपये दिले तर २८० जमतात. तूट ७२० ची. महिन्यास आठ फेऱ्या धरल्या तर ५,७६० रुपये, आणि ते चार पंचायतींत वांटले तर प्रत्येकीच्या वांट्यास १,४४० रुपये येतात. एका वृद्धाच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनापेक्षांही ही रक्कम थोडी कमीच आहे. स्थळपरत्वें हे आंकडे बदलतील. डोंगरांत वाढतील, पावसाळ्यांत आणखी वाढतील. ही सेवा स्वतःच्या उत्पन्नावर चालेल असें मी म्हणत नाहीं. रस्ता, शाळा आणि पिण्याचें पाणी ह्यांना आपण नफ्याची अट घालीत नाहीं. तीच दृष्टि येथें ठेवावी, येवढेंच माझें मागणें आहे.

कोणी म्हणेल, आतां डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवर मिळतो, टपाल खात्याचा माणूस दारांत येऊन पैसे देतो. मग म्हाताऱ्यांनीं हिंडावें तरी कशाला? ह्या सोयी मोलाच्या आहेत, आणि त्यांनीं कांहीं फेऱ्या वांचतातही. परंतु डोळ्यांतील दाब फोनवर मोजतां येत नाहीं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, माणूस केवळ औषधासाठीं व पैशासाठीं घराबाहेर पडत नाहीं. माझ्या आत्याची धाकटी बहीण तिच्या वाडीपासून नऊ किलोमीटरांवर राहते. डोळ्याचें सर्व कांहीं सांगून झाल्यावर आत्या मला म्हणाली, "डोळा गेला तो गेला रे, पण शांततेनें दोन घटका तिच्याशीं बोलून चार वर्षें झालीं. एक डोळा आहे तोंवर तिला पाहून येऊं दे." त्या दिवशीं आम्हीं परततांना गाडी बहिणीच्या गांवाला वळविली. दोघी ओट्यावर बसल्या होत्या. फार बोलल्या असेंही नाहीं.

तेव्हांपासून श्रावणाच्या कथेंतील एक गोष्ट मला नव्यानें उमगली आहे. त्याच्या आईबापांना काशीची ओढ होती. जाण्यावांचून त्यांचें कांहीं अडलें नव्हतें. त्यांना जावेंसें वाटत होतें, आणि तेवढें कारण त्या मुलाला पुरेसें वाटलें. आपण वृद्धांची कावड बांधूं तेव्हां तींत रुग्णालयाच्या चिठ्ठीला जागा असावीच. पण बहिणीच्या ओट्याला, बाजाराला, गांवच्या जत्रेलाही थोडी जागा असावी.

आपणांपैकीं पुष्कळांचे आईवडील, काकाकाकू, आत्यामावश्या आजही खेड्यांत आहेत. पुढच्या वेळीं त्यांच्याशीं बोलाल तेव्हां, पैसे पोहोंचले काय, हें अवश्य विचारा. पण त्याबरोबर, मागल्या महिन्यांत तुम्हीं कोठें गेलां होतां आणि कसे गेलां, हेंही विचारा. उत्तर ऐकून मन अस्वस्थ झालें, तर गांवच्या पंचायतीला एक पत्र लिहा, आणि त्या पत्रासोबत पहिल्या कांहीं फेऱ्यांचा खर्च पाठवा. कावडीला दोन पारडीं असतात. एक गांवानें उचललें, तर दुसरें उचलण्यास आपण शहरांतल्या मुलांनीं पुढें व्हावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.